अकरा घरांची हजेरी

“पुलाकडचे?”

“हजर.”

“वरलं घर?”

“हजर.”

“पिंपवाले?”

“हजर,” त्सुने आजी म्हणाली.

“रंगारी?”

“हजर,” पुन्हा तीच म्हणाली.

गेंजिरो-सान वहीतून डोकं वर न काढता घरांची नावं पुकारत होते. सभेच्या खोलीत रॉकेलच्या शेगडीभोवती त्यांना धरून पाच माणसं बसली होती. ती पाच माणसं मिळून अकरा वेळा हजर झाली. मी दाराजवळ बुटांच्या फळीपाशी अकरा लिफाफे मांडीवर घेऊन बसले होते आणि बोटांवर मोजत होते. दोनदा मोजलं. अकराच.

ही २००४ च्या नोव्हेंबरातली, रविवारच्या सकाळची गोष्ट. मी मूळची फलटणची. पुण्यात जपानी शिकले, थोडे दिवस शिकवलीही, आणि त्या जोरावर जपानच्या बर्फाळ डोंगरातल्या मिनोसावा नावाच्या गावच्या कचेरीत नोकरीला लागले. हुद्दा होता आंतरराष्ट्रीय संपर्क अधिकारी. प्रत्यक्षात शाळेतल्या पोरांना इंग्रजी गाणी शिकवायची, महिला मंडळाला बिनतिखटाची आमटी करून दाखवायची आणि कचेरीत जे काम कुणालाच नको असेल ते करायचं. ढवळे हे माझं आडनाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून मी दवारे-सान झाले होते. त्या शरदात कुणालाच नको असलेलं काम म्हणजे घरोघरचा कौल गोळा करणं.

सरकारला लहान गावं नकोशी झाली होती. दरीतल्या तोकावा शहरात आसपासची चार गावं मिसळायची आणि एकच मोठी नगरपालिका करायची असं चाललं होतं. देशभर तेच चाललं होतं. आमच्या गावप्रमुखांनी मात्र भर सभेत शब्द दिला होता, की घराला एक कागद देऊ, विलीन व्हायचं की नाही ते विचारू, आणि जास्त घरं जे म्हणतील तसंच करू. ओकुनोसे ही त्या गावातली सगळ्यात वरची, डोंगराला टेकलेली वाडी. तिच्यापुढे रस्ता नाही.

वाडीत सगळ्यांचं आडनाव एकच, म्हणून घरं जुन्या धंद्यांवरून नाहीतर जागेवरून ओळखायची. ते मला नवं नव्हतं. आमच्याकडेही तेच. बोलीचंही तसंच झालं. ओकुनोसेच्या म्हाताऱ्यांचं बोलणं पुस्तकी जपानीपासून इतकं लांब, की पहिले सहा महिने मी नुसती हसून वेळ मारून नेली. मग एके दिवशी ते कळायला लागलं, ते थेट माझ्या आजोळच्या माणसांच्या आवाजात. आजही ते मला तसंच ऐकू येतं, म्हणून तसंच लिहिते.

“गेंजिरो-सान,” मी विचारलं, “राहती घरं चारच आहेत ना?”

“ऱ्हाती चार. घरं अकरा.”

“पण बाकीची सात तर बंद आहेत.”

त्यांनी वही मिटली. वाडीचा कारभारी, चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, आवाज मात्र दरीपलीकडे जाईल असा. “रंगाऱ्याचं पोरगं बारा वर्सं झाली ओसाकाला हाय. त्याच्या छपरावरचा बर्फ कोण उतरवतंय? ही त्सुने. पाटातल्या गाळाची त्याची वाटणी कोण काढतंय? त्सुने. किल्ली कुणाकडं? तिच्याकडंच. मंग त्याच्या नावाला हजर कोण म्हननार, तू?”

सगळे हसले. मीही हसले.

“पण त्याला विचारलंत का, या कागदाचं?”

“इचारायचं काय त्यात? त्यानं किल्ली हातात दिली तवाच इचारून झालं.”

माझ्याकडच्या यादीत अकरा नावं होती. आमचे विभागप्रमुख कासाई-सान यांनी ती अग्निशमन दलाच्या जुन्या वहीवरून उतरवली होती आणि त्या वहीत रिकामी घरं वेगळी दाखवलेली नव्हती. मी अकरा नावांपुढे खुणा केल्या आणि अकरा लिफाफे देऊन टाकले. खरं सांगते, मला ते फार आवडलं होतं. बंद घरांनाही तोंड आहे, ही गोष्ट ऐकून माझा जीव सुखावला होता.

त्सुने आजीनं चष्मा कपाळावरून खाली ओढला. वय ऐंशी, उंची माझ्या खांद्याएवढी. “पोरी, गोल कुठं काढायचा ते दाव.”

मी ‘विलीन होऊ नये’ या ओळीपुढची चौकट दाखवली. तिनं पिंपवाल्यांच्या, म्हणजे स्वतःच्या घराच्या कागदावर गोल काढला. दुसरा कागद तिनं माझ्यापुढे सरकवला. “रंगाऱ्याचा तू काढ,” ती म्हणाली. मी काढला. छान वाटोळा काढला. अकराही कागदांवर गोल त्याच चौकटीत पडला.

“झालं. आता बर्फगाडी ऱ्हाती,” ती म्हणाली आणि शेगडीवरची किटली उतरवायला उठली.

बर्फगाडी हा माझा शब्द. रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणारं ते पिवळं अजस्र यंत्र. ओकुनोसेला हिवाळ्यात तीन-तीन मीटर बर्फ पडतो. वर एक जरी चूल पेटत असली तरी सकाळी सातच्या आत गाडी तिथवर गेलीच पाहिजे, असा मिनोसावा गावचा नियम होता. तोकावा शहराचा नियम माहितीपुस्तिकेच्या चौदाव्या पानावर, तळाला, बारीक अक्षरात होता. बारा महिने राहती किमान पाच घरं असतील त्याच रस्त्यावर गाडी जाईल. ओकुनोसेत चार होती. एका घराची गोष्ट! ते पान मीच आजीला वाचून दाखवलं होतं.

गाडी नाही म्हणजे चार महिने रस्ता नाही, आणि रस्ता नाही म्हणजे आजीला मुलाकडे तोक्योजवळ, नवव्या मजल्यावर जाऊन राहावं लागणार. तिचा जन्म रंगाऱ्याच्या घरातला आणि लग्न शेजारच्या पिंपवाल्यांकडे झालेलं. “मी जल्मात येक पाट तेवढा वलांडला,” ती सांगायची. मुलाकडे ती एकदाच, चार दिवस राहून आली होती. “तितं बर्फच पडत न्हाय. मंग हिवाळाभर मानसं करत्यात तरी काय?”

निकाल डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागला. विलीन होऊ नये म्हणणारी घरं दोनशे एक, व्हावं म्हणणारी एकशे सत्त्याण्णव. कचेरीत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण त्या दिवशी चहाबरोबर गोड भाताचे लाडू आले. मी ओकुनोसेला फोन केला. गेंजिरो-सान “हं” म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांच्या मानानं तो नाचच होता.

चारच दिवसांनी गावसभेतल्या, विलीनीकरणाच्या बाजूच्या एका सभासदानं विचारलं, की ज्या वाडीत चार चुली आहेत तिथून अकरा कागद आले कसे? चौकशीला समिती बसायची ठरली. साक्षीला एकच माणूस, मी.

आदल्या दिवशी दुपारी कासाई-सान स्वतःच्या हातानं चहा घेऊन माझ्या टेबलाशी आले. हा माणूस दोन वर्षांत माझ्याशी मोजून वीस वाक्यं बोलला असेल. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

“दवारे-सान, ओकुनोसेला शरदातली पानं फार सुरेख रंगतात, नाही?”

“हो.”

“बाहेरगावी गेलेली मंडळी पानं बघायला येतात. त्या रविवारीही आली असतील.”

“नाही, कुणीच आलं नव्हतं.”

“तुमचं लक्ष नसेल.”

“लक्ष होतं. मी मोजली ना माणसं.”

त्यांनी चहाचा घोट घेतला. “उद्या समितीत मी एवढंच विचारणार आहे, की खोलीत माणसं किती होती. तुम्ही म्हणा, बरीच होती. त्यात खोटं काही नाही. पाच म्हणजे तशी बरीच.”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझे वडील फलटणला मुख्याध्यापक. आमच्या घरात खोट्याला थारा नव्हता, आणि हा मनुष्य मला गुळमुळीत बोलायला शिकवत होता. “कासाई-सान,” मी म्हटलं, “लपवायचं कशाला? ही केवढी चांगली पद्धत आहे! नीट समजावून सांगितली तर कुणालाही पटेल.”

त्यांनी उरलेला चहा संपवला. “आपण शांतपणे विचार करावा,” असं म्हणून रिकामा कप घेऊन निघून गेले. मी विचार केला, अगदी संध्याकाळभर केला. पण काय बोलायचं याचा केला. शब्द निवडले, आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. माझी जपानी फार चांगली आहे असं सगळे म्हणायचे आणि ते मला ऐकायला आवडायचं.

समिती कचेरीच्या वरच्या मजल्यावर बसली. गावप्रमुख, सहा सभासद आणि तोकावाहून आलेला एक तरुण अधिकारी. कासाई-साननी ठरल्याप्रमाणे विचारलं, “खोलीत माणसं किती होती?”

“पाच,” मी म्हटलं. “पण मला थोडं सविस्तर सांगायचंय.”

कासाई-साननी डोळे मिटले. मला वाटलं, लक्ष देऊन ऐकतायत.

मी पंधरा मिनिटं बोलले. किल्ली सोपवण्याची पद्धत सांगितली. कोण कुणाच्या छपरावरचा बर्फ उतरवतं, कोण कुणाच्या वाटणीचा पाट साफ करतं, सगळं सांगितलं. ऐंशी वर्षांची बाई लांब दांड्याचं ओढणं घेऊन शेजारच्या बंद घराच्या छपराशी झटते, हे सांगताना माझा आवाज जरा भरून आला आणि तो भरून येणं योग्य जागी झालं असंही मला वाटलं. रंगाऱ्याच्या कागदावरचा गोल मी स्वतः काढला, हेसुद्धा मी सांगून टाकलं. सगळे माना डोलावत होते. तोकावाचा अधिकारी तर प्रत्येक वाक्याला डोलावत होता. एक म्हातारे सभासद रुमालानं डोळे पुसत होते. मी खाली बसले तेव्हा माझी छाती फुगली होती.

“खरोखर मोलाची परंपरा आहे,” तोकावाचा अधिकारी म्हणाला. “आम्हाला पुष्कळ शिकायला मिळालं. तर मग, सात कागद रद्द धरावे लागतील.”

पुन्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. अगदी तशाच.

दोन वर्षं तिथे राहून, तिथली भाषा शिकून, मला एवढं साधं माहीत नव्हतं असं नाही. तिथे मान डोलावणं म्हणजे ऐकतोय, एवढंच. पटलं असं नव्हे. हे मी स्वतः पुण्यातल्या वर्गात मुलांना शिकवलं होतं! पण त्या दिवशी मला माझंच बोलणं इतकं गोड लागत होतं की दुसरं काही दिसलंच नाही. दोनशे एकातून सात गेले, उरले एकशे चौऱ्याण्णव. विलीनीकरण तीन घरांनी जिंकलं. मी उठून काहीबाही बोलायला लागले. पुन्हा मोजा, त्या सात घरमालकांना पत्रं पाठवून विचारा, निदान महिनाभर थांबा. सगळे माझ्याकडे बघून अदबीनं माना डोलावत राहिले. मला टेबल उलथवून द्यावंसं वाटलं.

जिन्यात कासाई-सान भेटले. मी म्हटलं, “तुम्ही मला सरळ का नाही सांगितलंत? खोटं बोल म्हणून स्पष्ट सांगायचं होतं!”

“सांगितलं होतं,” ते म्हणाले आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं.

रविवारी मी ओकुनोसेला गेले. आदल्या दिवशी बर्फ पडला होता आणि बर्फगाडीनं रस्ता वाडीपर्यंत चकाचक केला होता. मी त्सुने आजीच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं, माझ्या भरलेल्या आवाजासकट. गेंजिरो-सानही येऊन उभे राहिले. मला वाटलं होतं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“खरं त्येच सांगितलंस की,” आजी म्हणाली. “त्यात तुजं काय चुकलं?” आणि मुळ्याच्या लोणच्याची बशी माझ्यापुढे सरकवली.

“आजी, मी जरा गप्प बसले असते तर...”

“खा आदी.”

गेंजिरो-सान दाराच्या चौकटीला टेकून हिशेब करत होते. “पाच घरं पायजेत म्हनं त्यांना. चार हायेत.” मग माझ्याकडे वळले. “तू ये की वर ऱ्हायला. रंगाऱ्याचं घर चांगलं कोरडं हाय. तुजी गाडी हाय. कचेरीत जायला पाऊन तास लागंल. पाच हुत्याल.”

आजी लोणचं वाढायची थांबली.

मी पंचवीस वर्षांची होते. गावात कचेरीशेजारी माझी गरम पाण्याची, दोन खोल्यांची जागा होती, आणि तिथून तासाभरावर सिनेमाचं थिएटर होतं. ओकुनोसेत संध्याकाळी पाचनंतर पाटाचा आवाज सोडला तर काही नव्हतं.

“विचार करते,” मी म्हटलं.

गेंजिरो-साननी मान डोलावली. ती मात्र मला नीट कळली, आणि माझं ‘विचार करते’ त्यांनाही कळलं होतं.

मार्चअखेर मिनोसावा गावचा झेंडा कचेरीसमोर उतरवला, त्याची घडी घातली आणि लाकडी पेटीत ठेवला. गावप्रमुखांनी भाषण केलं. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे तोकावाच्या सात मजली इमारतीत कामाला गेलो आणि मी तिथल्याच एका खोलीत राहायला आले. पत्त्यातलं गावाचं नाव गेलं. मी तोकावाच्या रस्ते विभागात दर महिन्याला जाऊन चौदाव्या पानाची चौकशी करायचे. चार घरांना चालेल का, तीन महिने तरी चालेल का, आठवड्यातून एकदा तरी? ते दर वेळी उठून उभे राहायचे, ऐकून घ्यायचे, टिपून घ्यायचे, मला लिफ्टपर्यंत सोडायला यायचे. सात महिन्यांत माझ्या हाती कागदाचा एक कपटा लागला नाही. मी घरी येऊन भांडी आपटायचे.

नोव्हेंबरात, पहिल्या बर्फाच्या आधी, त्सुने आजीचा मुलगा गाडी घेऊन आला. चांगला माणूस होता. सारखा सगळ्यांना वाकून नमस्कार करत होता. आजीनं दोन बोचकी घेतली, देवघरातल्या, पूर्वजांच्या नावांच्या पाट्या कापडात गुंडाळल्या, शेगडी विझली का ते तीनदा पाहिलं.

“किल्ली दे इकडं,” गेंजिरो-सान म्हणाले.

“तुमच्याकडं आदीच दोन घरं हायती. रंगारी धरून तीन. आन् पिंपवाले चौथं? मरशीला की.”

“माझ्याकडे द्या,” मी म्हटलं.

दोघं माझ्याकडे बघत राहिले. मला स्वतःलाच ते ऐकून नवल वाटलं, पण एकदा बोलल्यावर माघार कशी घ्यायची? “मी उतरवते तुमच्या छपरावरचा बर्फ. शपथ.”

आजीनं कमरेची किल्ली सोडवली. लोखंडी, बोटभर लांब, दोरीला लाकडाचा तुकडा बांधलेली. ती माझ्या हातात ठेवून तिनं माझी मूठ स्वतःच्या दोन्ही हातांनी मिटवली. “ईशान्येचा कोपरा पयला,” ती म्हणाली. “तितं बर्फ साठतो. त्यो ऱ्हायला तर समदं छप्पर खाली येतं.”

त्या हिवाळ्यात बर्फगाडी पुलापाशी येऊन वळायची. तिथून वर दोन किलोमीटर मी बर्फावर चालायचे रुंद जोडे बांधून जायचे, दर रविवारी. गेंजिरो-सान खालून ओरडत असायचे. “कोपरा! कोपरा आदी! आगं येडे, सवताच्याच पायाखालचा काय काढतीस?” दोनदा मी छपरावरून घसरून खालच्या ढिगाऱ्यात कमरेपर्यंत रुतले. हाताला घट्टे पडले, कंबर धरली, आणि दर रविवारी परतताना मला रस्ते विभागातल्या त्या नम्र लोकांना इथे आणून फावडं हातात द्यावंसं वाटायचं. पण छप्पर टिकलं. एप्रिलात बर्फ वितळला तेव्हा आजीचं घर जसंच्या तसं उभं होतं.

त्याच महिन्यात पाटाच्या साफसफाईआधीची हजेरी झाली.

“पिंपवाले?” गेंजिरो-साननी पुकारलं.

खोलीत चार माणसं आणि मी.

“हजर,” मी म्हटलं.

त्यांनी वहीत खूण केली. नेहमीपेक्षा पेन्सिल जरा जास्त दाबली असावी, कारण टोक मोडलं.

जुलैत माझा करार संपला. नव्या नगरपालिकेला आंतरराष्ट्रीय संपर्काची गरज नव्हती. निघताना मी किल्ली गेंजिरो-सानना द्यायला गेले, तर त्यांनी हात मागे घेतले. “हजर तू म्हनालीस. किल्ली तुज्याकडंच.”

“जानेवारीत सुट्टी काढून येते,” मी म्हटलं. मनापासून म्हटलं होतं.

नाही जमलं. पुण्यात गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत दुभाषी म्हणून लागले, मग लग्न झालं, मग मुलगी झाली. जपानला कामानिमित्त चारदा जाऊन आले. चारही वेळा उन्हाळा होता आणि चारही वेळा दोन दिवस कमी पडले. किल्ली स्वयंपाकघरातल्या खणात, पोळपाट-लाटण्याशेजारी पडून असायची. मुलगी लहानपणी त्या किल्लीनं पत्र्याचा डबा वाजवायची.

दर नववर्षाला गेंजिरो-सानचं एक पोस्टकार्ड यायचं. सात वर्षं आलं. मजकूर तोच. पिंपवाल्यांचं छप्पर ठीक. हजेरी तुझ्या नावानं लावली. मी दर वेळी उत्तरात लिहायचे, की यंदा नक्की येते.

आठव्या वर्षी पोस्टकार्ड आलं नाही. मे महिन्यात पाकीट आलं. आत एकच कागद, त्यावर त्यांचं दणदणीत अक्षर आता वाकडंतिकडं झालेलं. मी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये उभ्या उभ्या वाचलं.

“दवारे, त्सुने जानेवारीत गेली, मुलाच्या घरी. ती दर फेब्रुवारीला फोन करायची आणि छपराचं विचारायची. मी सांगायचो, दवारे येते दर रविवारी, तुझ्याच ओढण्यानं बर्फ उतरवते, ईशान्येचा कोपरा आधी. तिला फार बरं वाटायचं. लोणचं देता का तिला, म्हणून विचारायची. देतो, असं मी सांगायचो. सात हिवाळे मीच उतरवत होतो. या वर्षी विचारायला कुणी नव्हतं आणि माझेही पाय राहिले नाहीत, म्हणून उतरवला नाही. फेब्रुवारीच्या वीस तारखेला छप्पर खाली आलं. एप्रिलच्या हजेरीत मी पिंपवाले पुकारलं नाही. किल्ली परत पाठवू नकोस. दार राहिलेलं नाही.”